नर-मादीच्या खोलीतला कॉम्प्युटर

आमच्या बियाण्याच्या प्लांटवर कॉम्प्युटरची टर्मिनलं तीन होती आणि परवाना दोघांचा. एक टर्मिनल गेटवर, एक उगवण तपासायच्या लॅबमध्ये, एक गोदामात. मुख्य मशीन ऑफिसात, आणि तिथून तिन्हींकडे वायरी गेलेल्या. आत युनिक्स होतं. ते घेताना मालकांनी सगळ्यात स्वस्त परवाना घेतला होता, म्हणजे एका वेळी दोनच माणसं आत. तिसरा बसला की पडद्यावर इंग्रजीत नकार यायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यांपलीकडे आमचा प्लांट होता. उन्हाळ्यात खेड्याखेड्यांतून प्लॉटवरचं बियाणं टेम्पोनं यायचं आणि गेटवर प्रत्येक लॉट मशीनमध्ये चढवायला ही घाई व्हायची. मग लॅबमधून कुणीतरी खिडकीतून ओरडायचं, "मामा, उठा आता, आम्हाला बसायचंय!" गेटवरचे मामा भले माणूस. लगेच खुर्चीतून उठायचे, टोपी सारखी करायचे आणि चहा प्यायला जायचे. मशीनमधून बाहेर पडायचं असतं, खुर्चीतून नव्हे, हे त्यांना मी कितीदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "पोरी, मी तर कवाचा उठलो, तुझं मशीनच बसून राह्यलंय."

मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होते, पण हंगामी. हंगाम संपला की मालक ठरवणार, ठेवायचं की नाही. हसनाबादला घरी वडिलांचं ठरलेलंच होतं. "हंगाम झाला की ये, बी.एड. कर, मास्तरीण हो." मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला त्या काळ्या पडद्यासमोर बसायला मनापासून आवडायचं, इतकं की सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही. पण हे वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

त्याच वर्षी औरंगाबादच्या बसस्टँडवर मी एक कॉम्प्युटरचं मासिक घेतलं. त्याच्यासोबत लिनक्सची सीडी होती. युनिक्ससारखंच सगळं, माणसांची मर्यादा नाही, आणि फुकट. मी नाचतच मालकांकडे गेले.

मालक मूळचे कुंभार पिंपळगावकडचे शेतकरी, आणि बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी सीडी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. "फुकट? मंग यात काहीतरी खोट आसंल. आधी ट्रायल घे."

ट्रायल म्हणजे त्यांच्या लेखी एकच. नवं वाण आलं की ते जुन्या वाणाच्या शेजारच्या सरीत लावायचं आणि कोण कसं वाढतंय ते पाहायचं. त्यांनी गोदामातला एक जुना पीसी काढायला लावला आणि तो युनिक्सच्या मशीनशेजारी त्याच टेबलावर मांडला. रोज येता-जाता दोन्हींकडे ते कमरेवर हात ठेवून बघायचे, "उगवण कशी हाये?" मी म्हणायची, "चांगली आहे." लॉटचा प्रोग्राम मी नव्याने लिहिला होता आणि त्यात पिशव्यांवर लावायचे टॅग छापायचा मोठा तुकडा परदेशातल्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळा सोडलेला होता. नवं मशीन कधी अडलं नाही. मालकांनी जुनं बंद करायला सांगितलं. तिघंही एकदम आत बसू लागले. मामा मात्र सवयीनं अधूनमधून उठून चहाला जायचेच.

मग शेजारच्या प्लांटचे मालक एकदा आले. ते आमच्या मालकांचे सोयरे, आणि स्पर्धकही. टॅग भराभर छापले जाताहेत हे पाहून ते हटूनच बसले, "आम्हाला बी पायजे." आमचे मालक खुशीत होते. मला म्हणाले, "देऊन टाक. पण चालता प्रोग्राम तेवढा दे. आतलं काही दावू नको."

मी म्हणाले, "तसं चालत नाही मालक. टॅगचा तुकडा ज्याचा आहे त्याच्या परवान्यात अट आहे. आपण हा प्रोग्राम दुसऱ्याला दिला तर त्याचा सोर्सही द्यायचा."

"सोर्स म्हंजे?"

आता मी हुशारी केली. बियाण्याच्या माणसाला बियाण्यातच समजावावं म्हणून म्हणाले, "आपण संकरित वाणाचं पाकीट विकतो, पण ते ज्या नर-मादी वाणांपासून बनतं ते कुणाला देत नाही. तसं पाकीट म्हणजे प्रोग्राम, आणि सोर्स म्हणजे त्याचे नर-मादी. या परवान्यात पाकिटाबरोबर नर-मादीही द्यायचे असतात."

मालकांचा चेहरा पांढरा पडला. जालन्यात बियाण्याच्या धंद्यात नर-मादी ही जिवापाड जपायची गोष्ट. आमच्याकडे त्यांच्यासाठी थंड खोली होती आणि तिला दोन कुलपं होती. एक किल्ली मालकांकडे, दुसरी वाण तयार करणाऱ्या डॉक्टरसाहेबांकडे. मालकांच्या डोक्यात माझं उदाहरण भलत्याच वाटेनं शिरलं. कोणत्या वाणाचा नर कुठल्या गावच्या प्लॉटवर, मादी कुठली, हे सगळं त्याच मशीनमध्ये होतं. म्हणजे हा परवाना आपले नर-मादी चव्हाट्यावर आणणार! सोयऱ्यांना त्यांनी चहाच्या अर्ध्या कपावरच निरोप दिला.

सोर्स म्हणजे नुसत्या प्रोग्राम लिहिलेल्या ओळी, हे मी समजावत होते, ते ऐकत नव्हते. मला राग आला आणि मी म्हणाले, "अट मोडून मी बिलकुल देणार नाही. द्यायचं तर सोर्ससकट, नाहीतर देऊ नका."

"मंग तू बी हंगामापुरतीच," मालक म्हणाले.

माघार घ्यायला माझा स्वभाव आड आला. मालक तर माझ्याही पुढचे निघाले. त्यांनी वायरी उपटल्या, पीसी स्वतः उचलला, डॉक्टरसाहेब प्लॉटवर होते म्हणून त्यांची किल्ली सांभाळणाऱ्या माणसाकडून दुसरं कुलूप उघडून घेतलं आणि कॉम्प्युटर नर-मादीच्या खोलीत, पोत्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. दोन्ही कुलपं लागली.

अर्ध्या तासात गेटवर टेम्पोंची रांग लागली. तिन्ही टर्मिनलं काळीठिक्कर. मामा माझ्याकडे आले. "पोरी, आता कोन बसलंय आत?" मी म्हणाले, "मशीन बसलंय मामा, थंड हवेत." ते हसले, पण मला हसू येईना. मी मनातल्या मनात बी.एड.ला बसले होते.

दुपारी डॉक्टरसाहेब प्लॉटवरून परत आले. बरीच वर्षं विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर काढून ते आमच्याकडे आले होते. मालक त्यांना मानायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मालकांची किल्ली मागून थंड खोली उघडली, मशीन बाहेर काढून पुसलं, आणि मला म्हणाले, "सोर्स कागदावर छाप. सगळा."

छापून झाल्यावर तो कागद त्यांनी मालकांपुढे पसरला. "यात आपला एक तरी नर दाखवा."

मालकांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत पानंच्या पानं पाहिली. शेवटी म्हणाले, "एकबी न्हाई."

"वाणांची माहिती वेगळी असते, प्रोग्राम वेगळा. माहिती देशील का?" डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं.

"मेले तरी देणार नाही. आणि परवानाही ती मागत नाही."

मालकांचा जीव थोडा खाली आला, तरी कपाळावरच्या आठ्या जाईनात. "पन डॉक्टरसाहेब, येवढी मेहनत करून कोन फुकट वाटतं? त्या परदेशातल्या मान्साला याड लागलं का?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुमच्या पहिल्या ज्वारीची मादी कुठली होती, मालक?"

"विद्यापीठाची."

"आणि नर?"

"तो बी तिथलाच."

"काय लिहून घेतलं होतं त्यांनी?"

"कायबी न्हाई. पिशवीत भरून दिल्ते. वरून एका पोरानं चहा पाजल्ता."

"तो पोरगा मी होतो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

इतकी वर्षं एकत्र काम करूनही ही गोष्ट मालकांना कुणी सांगितली नव्हती. मग ते इतके मोठ्यानं हसले की लॅबमधल्या बाया खिडकीत आल्या. "आन् मी तुम्हाला आजपस्तोर इचारलं बी न्हाई!" त्यांचे डोळे ओले झाले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली, सकाळचा राग असूनही.

जरा वेळानं त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. "सोयऱ्यानं यात सुधारणा केली आन् तिसऱ्याला दिली तर? तो लपवू शकतो का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यालाही सोर्स द्यावाच लागेल."

"म्हंजे तो बी अडकला!" मालकांची कळी खुलली. "हे बराबर हाये. दे त्याला. जल्दी दे. सगळं दे."

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या प्लांटवर गेले आणि त्यांच्या मशीनवर सगळं बसवून दिलं. माझ्या मनात मात्र हंगाम संपायची धास्ती होतीच. मालक "हंगामापुरती" म्हणाले होते आणि तो शब्द त्यांनी परत घेतला नव्हता. आता तर प्रोग्राम सगळ्यांकडे असणार, मग मला कोण ठेवणार, हाही विचार डोकं खात होता.

शेजारचे मालक टॅग छापले जाताना पाहात होते. मध्येच म्हणाले, "ताई, प्रोग्राम तर आला, पन तो उद्या आडला तर आमच्याकडं कोन हाये? तुम्हीच या की इकडं. कायम."

मी उत्तर द्यायच्या आत दारातून आमच्या मालकांचा आवाज आला. पाहायला म्हणून ते मागोमाग आले होते. "ओ सोयरे, प्रोग्राम न्या, त्याचे नर-मादी न्या, पायजे तर टेबल बी न्या. ही पोरगी आमची हाये."

"मी कुणाची नाही," मी फणकारले. "तुमच्याकडे मी हंगामी आहे."

दोन्ही प्लांटची माणसं बघत होती. मालकांनी घसा खाकरला आणि एरवी माझ्याशी कधी बोलले नव्हते अशा सुरात म्हणाले, "चुकलं माझं. कायम ऱ्हाशील का आमच्याकडं?"

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार असायचं. त्या दिवशी मात्र मी कीबोर्डवर डोकं टेकून ढसाढसा रडले, आणि प्रोग्राम बिघडला असं वाटून शेजारचे मालक घाबरून वायरी तपासू लागले.