नंदूदादानं कापलेली चार नावं

आमच्या बँडबरोबर फिरलात ना, तर किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच अंगावर येतात! मी कीबोर्ड वाजवतो, एरवी तारापूरच्या कारखान्यात शिफ्ट. आमचा गायक नंदूदादा, मूळचा इथल्याच शेजारच्या नवापूरचा. कॅसेटच्या जमान्यात त्याचं हळदीचं गाणं या पट्ट्यात घराघरात वाजायचं. यंदा त्यानं तेच नव्यानं केलं. फास्ट बीट, चकाचक रेकॉर्डिंग, मोबाइलवर हिट! तेव्हापासून कुणाच्याच जिवाला शांतता नाही.

भांडण नावांवरून. जुन्या गाण्यात कोरसमधल्या चौघी बायकांना हाक होती. चंपा, यमुना, हौसा, तारा. आपलं नाव आलं की रिंगणात उतरायचं! स्टुडिओवाला म्हणाला, "गाणं लांबतंय, हे कडवं उडवा." दादानं उडवलं.

यातली तारा म्हणजे दादाची सख्खी काकी. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं. नवं गाणं ऐकून तिचा फोन, "नंद्या, आमाला चौघींना कापलास? तुज्या पोरीच्या हळदीला मी नाय येणार!"

फोन कट. आणि पोरीची हळद तोंडावर! दादा नखं खायला लागला.

*

बोईसर स्टेशनवरून रिक्षा केली, तर आत जुनं गाणंच चालू. ड्रायव्हर म्हणतो, "नया वाला सुना? किसी ने पूरा बिगाड़ दिया!"

दादाला राहवेना. "मैंने ही बनाया."

ड्रायव्हरनं आरशातून नीट बघून घेतलं. "कोई बात नहीं, भाई. गलती सबसे होती है!"

दादा चालत्या रिक्षातून उतरायला निघाला. मी शर्ट धरून त्याला बसवलं.

*

सफाळ्याला वरातीत नवं व्हर्जन लावलं. पोरं अशी सुटली की वरात मांडवात वेळेआधी हजर! नवरी अजून पार्लरमध्ये! नवरीचा बाप हात जोडून धावत आला, "रेल्वे फाटकापर्यंत परत जा, आणि येताना जुनं वाजवा!"

गेलो की! अख्खी वरात, घोड्यासकट.

*

बेटेगावला तर कहरच. एक कॉलेजातला पोरगा दादाला बाजूला घेऊन कानात सांगतो, "दादा, कोणीतरी जुन्या कॅसेटवाल्यानं तुमची चाल चोरलीय. केस टाका!"

आम्ही हसून लोळलो. दादा नाही हसला. त्याचं आपलं एकच पालुपद, "काकी येईल का रे?"

अरे, मला काय विचारतोस? जाऊन पाया पड ना तिच्या!

*

गेला. मीही गेलो. काकी अंगणात बोंबील वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पाया नको पडूस. नावं घाल."

"काकी, गाणं बाहेर पडलं. आता कशी घालू?"

"मंग मी पण घरात बरी हाय."

येताना दादा बाइकवर मागे बसून रडत होता. मी गाडी चालवत राहिलो.

*

हळदीची संध्याकाळ. मांडव भरलेला, दादाची नजर रस्त्यावर. आणि काकी आली! नवी साडी, गजरा. पोरीला हळद लावली, आपल्याही गालाला लावून घेतली. सरळ माझ्यापुढे येऊन उभी, "जुनं लाव."

पेनड्राइव्हमध्ये होतं, लावलं. नावांचं कडवं आलं. चंपाला हाक गेली. चंपाकाकी गेल्या वर्षी वारली. रिंगण रिकामं. यमुनाला हाक गेली. ती तर त्याच्याही आधी गेली. हौसा लेकीकडे अंथरुणाला खिळलेली. रिंगणात कुणीच नाही, पोरं कडेला उभी.

मग ताराला हाक. काकीनं पदर खोचला आणि उतरली. एकटीच नाचली, कडवं संपेपर्यंत. मला तर तिकडे बघवेना.

कडवं संपलं तशी ती थांबली. धापा टाकत दादाजवळ आली, आपल्या गालाची हळद त्याच्या गालाला पुसली आणि म्हणाली,

"नंद्या, बंद कर ह्ये. आता तुजं लाव. त्यात कोणाला हाका नाय मारीत ना?"