मैनाबाईच्या फोटोवरचा हार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कावळ्यावर मात्र आहे. वैनगंगेच्या घाटावर दहाव्याला पिंडाकडे बघत जे उन्हात ताटकळले आहेत, त्यांना याचं कारण सांगायला नको.

मैनाबाई माझ्या समोरच्या घरात राहते. बालाघाटात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मैनाबाईच्या पापडाची लेबलं, एवढंच माझं साम्राज्य. माझं नाव पुनाराम, पण ती मला 'छापखाना' म्हणूनच हाक मारते. नवरा गेला तेव्हा तिचा लोकेश प्राथमिक शाळेत होता. कटंगीचं माहेर 'चल' म्हणालं, ही गेली नाही. चिन्नोर तांदळाचे पापड घालून तिनं पोराला वाढवलं. उन्हाळाभर छतावर धोतरं पसरून पापड वाळत, आणि हातात काठी घेऊन ती कावळ्यांशी भांडत बसे. "मेल्यांनो, तुमच्या मायनं घातले का?" हा आवाज माझ्या मशीनच्या खडखडाटातही ऐकू यायचा.

लोकेश मोठा झाला आणि त्याला वेबसाइट हवीशी वाटली. नागपूर, रायपूरहून फोनवर मागण्या येत होत्या, त्या याच्या आवाक्याबाहेर गेल्या. वेबसाइट करून देणारी दोन माणसं त्याच्यासमोर होती. एक संघमित्रा, काळी पुतळी चौकाजवळ जिन्यावरच्या खोलीत बसणारी, शिकलेली मुलगी. दुसरा अश्विन, त्यांच्या नात्यातला, गोंदियाचा.

संघमित्रा छतावर येऊन बसली आणि विचारत सुटली. वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर घ्यायचा? पासवर्ड कोणाजवळ राहील? उद्या मी गाव सोडलं तर बदल कोणाकडून करून घ्याल? फोटो, मजकूर लावण्याआधी घरातलं कोण बघणार?

"बापा! इतकं तं सोयरीक करतानी बी कोणी इचारत नाही," मैनाबाई म्हणाली.

अश्विननं एकच गोष्ट विचारली. "काकू, तुमचा एक चांगला फोटो आहे का?"

काम अश्विनला मिळालं. आपला माणूस, लोकेश म्हणाला. आपला म्हणजे कोण आणि परकी कोण, हे आमच्या गल्लीत कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण कळतं सगळ्यांना. मला तेव्हाच राग आला होता. वेबसाइट झाली छान. वर मैनाबाईचा फोटो, हातात पापड, तोंडभर हसू.

मग एका सकाळी पापड उलटवायला ती वाकली आणि कावळा तिच्या डोक्यावर येऊन बसला. चांगला बसला, पंजे केसांत रुतवून.

आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक आहे आणि उपायही. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला, तो मेल्याची खोटी बातमी लांबच्या नातलगांना धाडायची. ते रडले की अपशकुन त्या रडण्यात फिटतो. मात्र दिवेलागणीच्या आत 'जिवंत आहे' असा निरोप गेलाच पाहिजे. नाहीतर बातमी अंगाला चिकटते म्हणतात.

पण आता खोटी बातमी धाडायची कशी? कटंगीची बहीण कमला लगेच व्हिडिओ कॉल करणार आणि समोर ही दिसणार. तेव्हा डोकं चालवलं ते मैनाबाईनंच. "लोकेश, त्या अश्विनले सांग, माह्या फोटोले हार घाल म्हणा. अन् सगळ्याइले धाडून दे."

अश्विननं चहा संपायच्या आत वेबसाइटवरच्याच फोटोला हार चढवला. झेंडूचा, खाली 'स्वर्गीय'. लोकेशनं तो फोटो सगळ्यांना पाठवला आणि फोन उचलले नाहीत. दुपारपर्यंत कटंगीपासून तुमसरपर्यंत रडारड झाली. मैनाबाई आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होती. संध्याकाळी तिनं स्वतः एकेकाला फोन केला. कमला दुसऱ्या दिवशी बसनं आली, बहिणीला शिव्या दिल्या आणि पोटभर जेवून गेली.

हार मात्र निघाला नाही.

"अश्विनचा फोन लागून नाही राह्यला," लोकेश म्हणाला. "हैदराबादले गेला म्हणते. वेबसाइट त्याच्याच नावावर आहे. मी काय करू?"

आठवडे गेले. नातलगांना खरं ठाऊक होतं, पण बाकीच्या जगाला मैनाबाई मेलेलीच होती. एकदा रायपूरचं एक जोडपं पापड घ्यायला थेट घरी आलं. दार मैनाबाईनं उघडलं. बाई दोन पावलं मागे सरली.

"आप... उनकी बहन हैं?"

"नहीं. वही हूँ."

नवरा कसनुसा हसला. बाईनं पुडा टोकाला धरून घेतला, हाताला हात लागू दिला नाही. मी माझ्या दारातून बघत होतो. निघताना ती मैनाबाईच्या पायांकडे वाकून बघत होती, टाचा पुढे आहेत की मागे. मैनाबाईच्याही ते लक्षात आलं. नंतर किती तरी वेळ ती स्वतःच आपल्या पायांकडे बघत बसली.

मग तिचा आवाज बंद झाला. माझं मशीन थांबलं तरी समोरच्या छतावरून काही ऐकू येईना. मला करमेना म्हणून एक दिवस मी वर गेलो.

कठड्यावर कावळे ओळीनं बसले होते. खाली पापड वाळत होते. काठी भिंतीला टेकलेली होती. एकही कावळा काव करत नव्हता, एकही खाली उतरत नव्हता. नुसते तिच्याकडे बघत होते.

"पाह्य बरं, छापखाना," ती हळूच म्हणाली. "हार चढला तवापासून शिवत नाही."

मी एक तुकडा मोडून त्यांच्यापुढे टाकला. कोणी हललं नाही. पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर सगळे एकमेकांकडे बघतात आणि एकच गोष्ट विचारतात. तेच तिनं मला विचारलं.

"माही काही इच्छा राह्यली का रे?"

मी भ्यालो, खोटं कशाला बोलू? तिला म्हटलं, ऊठ, चप्पल घाल. आणि तिला घेऊन संघमित्राचा जिना चढलो.

त्या मुलीनं एका शब्दानं टोमणा मारला नाही. वेबसाइट उघडून पाहिली आणि म्हणाली, "काकू, हे अश्विनच्या नावावर आहे. मले हात लावता येत नाही. तुमच्यासाठी नवी करता येईल." मग ती थांबली, पुन्हा वाचू लागली. "पण ही वेबसाइट बेवारस नाही. याच हप्त्यात इथं नवीन ओळ टाकलेली आहे."

"काय लिहिलं?" मैनाबाईनं विचारलं.

संघमित्रानं माझ्याकडे पाहिलं. वाचायचं तर होतंच. "अम्मा के हाथ के आख़िरी पापड़. स्टॉक सीमित."

म्हणजे अश्विन सापडत होता. त्याच्याशी कोणी तरी बोलत होतं. लोकेश अलीकडे दुप्पट लेबलं छापून नेत होता, आणि मी मूर्ख खूश होतो.

लोकेश खाली पार्सलं बांधत होता. इतकी पार्सलं त्या घरात मी कधी पाहिली नव्हती. तिनं त्याला छतावर बोलावलं. कठड्यावर एक अख्खा पापड ठेवला आणि कावळ्यांसमोर त्याला उभं केलं.

"हात जोड."

"काहून, आई?"

"दहाव्याले पोरगा जे बोलते, ते बोल. मेलेल्या मायची इच्छा पुरी करतो म्हन."

"असं नोको ना करू."

"अश्विनचा नंबर आहे तुह्यापाशी?"

लोकेशनं मान खाली घातली. मग पुटपुटला, "हौ. धंदा चांगला चालून राह्यला होता, आई. लोकं रडत रडत ऑर्डर देतेत. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत राहू देऊ."

"मंग दिवाळीपर्यंत म्या मरून राहू?"

तिचा आवाज चढला नव्हता. लोकेशनं वर पाहिलं, आधी आईकडे, मग त्या काळ्या ओळीकडे. बातमी गेली त्या दिवशी सगळे रडले होते, हाच तेवढा रडला नव्हता. त्याला खरं ठाऊक होतं ना. आता तो रडला. पोटातून, लहान पोरासारखा. हात जोडून म्हणाला, "हार काढतो, आई. आत्ताच काढतो."

पंखांचा आवाज झाला. एक कावळा उतरला आणि पापड उचलून गेला.

अश्विननं पहिल्याच घंटीला फोन घेतला. हार निघाला, 'स्वर्गीय' निघालं. पुढे संघमित्रानं नवी वेबसाइट केली. पत्ता मैनाबाईच्या नावावर, पासवर्ड तिच्या फोनमध्ये. या वेळी मैनाबाईनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, वर स्वतःही चार विचारले. मागण्या कमी झाल्या. लोकेश त्याबद्दल तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर मी समोरच आहे.

परवा लेबलं घेऊन वर गेलो. कावळे धोतरावर उतरून खुशाल पापड ओढत होते. मैनाबाई शेजारीच बसली होती आणि काठी कोपऱ्यात पडून होती. मी हाकलायला हात उचलला, तर तिनं तो धरला. तिचा हात उन्हातही गार होता.

"राहू दे, छापखाना," ती म्हणाली. "आता वळखीचे झाले."