उन्हाळ्यात पूर येणारी नदी

मध्य भारत मोडून नवं राज्य झालं, आणि आमच्या कचेरीत प्रत्येकाला एकच घोर लागला: नव्या राजधानीत, भोपाळला, जाणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लागणार की गळणार? यादी साहेबांच्या हातात होती. मी मात्र निर्धास्त होतो. नव्या बांधासाठी नदीला पूर्वी पाणी किती यायचं, ते शोधायचं होतं; ते होतं संस्थानी काळातल्या मोडी वह्यांत, आणि मोडी वाचणारा मी एकटा. चांगलाच शेफारलो होतो.

वह्या घाटावरच्या देवळातल्या गुरुजींनी लिहिलेल्या. रोज सकाळी एकच नोंद: इतक्या पायऱ्या. त्यावरून मी कित्येक वर्षांचा आलेख काढला. नदी वैशाखात फुगत होती आणि श्रावणात आटत होती. एका श्रावणात तर चक्क शून्य!

शंका आली नाही असं नाही. पण कुणाला विचारलं तर माझी मोडी कच्ची ठरेल, म्हणून गप्प बसलो. साहेब पूर्वी हिमालयातल्या नद्यांवर काम करून आलेले. आलेख पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"अरे, यह तो पहाड़ी नदी है! गर्मी में बर्फ़ पिघल रही है!"

आमच्याकडे उन्हाळ्यात बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर असतो, हे ठाऊक असून मी मान डोलावली. वर टिपणही लिहिलं: 'उगम उंच डोंगरात असावा.'

टिपण भोपाळला जायच्या आदल्या दिवशी माझा धीर सुटला. म्हातारे गुरुजी शिंदे की छावनी मोहल्ल्यात राहायचे, तिथे गेलो.

"गुरुजी, वैशाखात एवढं पाणी यायचं कुठून?"

"पाणी? मी तर न्हायला किती पायऱ्या उतरलो ते लिहायचो न! उन्हाळ्यात तर हालत खराब व्हायची माझी."

"आणि ते शून्य?"

"त्या दिवशी उतरायला पायरीच कुठे होती? पाणी गाभाऱ्यात. वही डोक्याला बांधून मी कळसाला धरून बसलो होतो."

नदीचा सगळ्यात मोठा पूर मी कोरडा म्हणून नोंदवला होता, आणि त्याच्या भरवशावर बांध उठणार होता. नाव कटलं तर कटलं, म्हणत मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आलेख पालथा केला, खालची बाजू वर करून खिडकीच्या उजेडात धरला. नदी सरळ झाली.

मग साहेबांनी खणातून स्वतःचं भोपाळसाठीचं पत्र काढलं. त्यात बर्फावर तीन पानं होती. ती फाडली, माझं टिपण फाडलं, आणि यादीत माझं नाव लिहिलं.

"बर्फ़ की बात किसी से मत कहना."

इतकी वर्षं पाळलं. बांधाची उंची त्या शून्यावरून ठरली, आणि बांध अजून उभा आहे.