शंभरीची गाडी आणि वेताचं कडं

मुरगाव बंदराच्या रेल्वेमार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून सोडलेली सजवलेली गाडी वाटेतल्या एका लहान स्टेशनातून पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. सव्वादहाऐवजी दहा-चाळीसला. ही बातमी मीच दिली होती. उशीर का झाला, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरीसुद्धा नाही.

गोवा राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी डिचोलीचा बातमीदार. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. मग मला का पाठवलं? वास्कोचा बातमीदार आजारी पडला, एवढंच. माझ्या मये गावात ही वार्ता माझ्याआधी पोचली. शेजारच्या काकी विचारून गेल्या, रेल्वेत चपला काढून बसायचं असतं का. मला ठाऊक नव्हतं. मीही पहिल्यांदाच बसणार होतो.

सकाळ फार छान होती. इंजिनाला केळीचे खांब, झेंडूच्या माळा, फलाटावर बँड, मंडपात पातळभाजी आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम गोल उंडे. गाडी थांबली ती एका सत्कारासाठी. परशराम नावाचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, खानापूरकडचा, महिनाअखेर निवृत्त होणार होता. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही चूक नाही, म्हणून रेल्वेच्या मोठ्या साहेबांच्या हातून त्याला शाल द्यायची होती.

आता कड्याबद्दल सांगायला हवं — टाळतो आहे, ते कळतंय मला. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देतात. पुढची लाइन मोकळी असल्याची ती खूण. गोळा चामड्याच्या थैलीत, थैली वेताच्या मोठ्या कड्याला. तो हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. परशरामने कडं ऑफिसबाहेरच्या खिळ्याला अडकवलं आणि पाहुण्यांनी हाक मारली म्हणून सुटलेला केळीचा खांब बांधायला तो इंजिनाकडे गेला.

मी ते कडं काढून गळ्यात घातलं. का? फोटोसाठी. दुसरं काही कारण नाही. आमचा फोटोग्राफर पेडण्याचा. कॅमेरा डोळ्याला लावून, मला नवरदेव ठरवत तो म्हणाला, "पळय रे, न्हवरो कसो दिसता."

हसत हसत आम्ही मंडपात गेलो. कडं खुर्चीच्या पाठीला अडकवलं. त्यावर कुणीतरी कोट टाकला. मी तिसरा उंडा खात होतो तेव्हा बँड थांबला.

खिळा रिकामा होता. परशराम टेबलाखाली, बाकाखाली, हारांच्या टोपलीत शोधत होता. "हितंच अडकवल्तो साहेब, माझ्या हातानं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. साहेब सगळ्यांसमोर त्याला बोलले. मला तेव्हाच आठवलं. एक वाक्य पुरेसं होतं — बोललो का? नाही. मंडपात गेलो, कडं घेऊन आलो आणि सांगितलं, "मंडपात मिळालं."

वाक्य खरं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाईत साहेबांनी हातातली शाल माझ्याच खांद्यावर टाकली. मी ती काढली नाही.

गाडी सुटण्याआधी परशराम माझ्या डब्यापाशी आला. मला वाटलं, कळलं याला.

"बातमीत नाव तेवढं घालू नका साहेब. तुमचा पेपर आमच्याकडं येतोय. पोरीच्या सासरची मानसं वाचत्यात."

घालणार नाही, म्हणालो. त्याने हात जोडून माझे आभार मानले. मी नमस्कार घेतला — हो, घेतला.

शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी छापून आलं: एका कर्मचाऱ्याच्या नजरचुकीमुळे गाडीला पंचवीस मिनिटं उशीर. नाव नव्हतं. त्या स्टेशनावर पॉइंट्समन एकच होता.

परशराम महिनाअखेर गावी गेला. त्याला दुसरी शाल दिल्याची नोंद नाही. पहिली माझ्या कपाटात आहे.

यंदा त्याच मार्गाच्या वर्धापनदिनासाठी जुने फोटो मागवले आहेत. माझा सापडला. गळ्यात कडं आहे, मी हसतो आहे. मागे स्टेशनचं घड्याळ दिसतं. त्यात दहा वाजून बारा मिनिटं झाली आहेत.