बहिरेपणाचं सोंग

आयुष्यात मूर्खपणे बरेच केले, पण त्या दुपारचा अजून पचत नाही. देवगाव रंगारीहून अक्काचा, माझ्या थोरल्या जावेचा, फोन आला. रोज तीनला यायचाच. मी चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी, ती तिथं तिच्या गायीपाशी. विचारलं, "ताप उतरला का?" म्हणाली, "गाय बरी हाय." पुन्हा विचारलं, तर, "धाकटे, काय बी ऐकू येईना." मी खो खो हसून फोन ठेवला. संध्याकाळी पुतण्यानं फोनवर विचारलं, "काकू, आई भलतंच बोलतीय. दवाखान्यात आणू का?" मी शहाणी म्हणाले, "सोंग आहे तिचं. राहू दे."

सोंगाची विद्या तिचीच. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा मी मॅट्रिक पास, ताठा कलेक्टरचा. गायीच्या कानामागून पडलेला टम्म गोचीड एरंडाची बी समजून पदराला बांधला होता! अक्का हसून हसून गव्हाणीत बसली. सासूबाईंच्या हाकेनं मला कापरं भरायचं. "पहिल्या दोन हाकांना बहिरं व्हायचं," अक्कानं शिकवलं, "तिसरीला मी जाते." मग आम्ही दोघी बहिऱ्या गोठ्यात बसून गोचीड वेचायचो, रॉकेलच्या डब्यात टाकायचो. ते वेचणं तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही...

दोन दिवसांनी पुतण्यानं तिला शहरात आणलं तेव्हा ती मला ओळखत होती, ऐकत नव्हती. डॉक्टरांना तिच्या मानेखाली काळी खपली सापडली, तळहातांवर लाल ठिपके. गोचीड चावल्याचा ताप. म्हातारपणी तो कधी कधी असा कानांवर, मेंदूवर, मूत्रपिंडांवर जातो म्हणे, आणि घरचे वयाला दोष देत बसतात. "चार दिवस आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. त्या चारांतले दोन माझे. औषधानं ताप उतरला, भान आलं, पण कान परतले नाहीत. पुढं मूत्रपिंडांनी हात टेकले. तिला जाऊन पाच आठवडे झाले.

अजून तीन वाजता फोन मांडीवर घेऊन बसते. मुलगा म्हणतो, सवय आहे, जाईल...

दवाखान्यात तिच्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं कबूल केलं होतं, ओरडून. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं, तिच्याशिवाय. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "धाकटे, हाक मारायचं सोड आता. आलीस की नुसता हात लावत जा. मी वळून बघीन."