सुलूचे राहिलेले दोन तास

आमच्या सुलूला मी घालवली.

असं म्हटलं की नवरा ओरडतो, "गप गो! तोंडाला येईल ते बोलू नको."

सुलू माझी धाकटी नणंद. आज तिला जाऊन वर्ष झालं.

दुपारी जरा डोळा लागला की ती येते. पडवीत बसते. केस मोकळे, लेक तान्हीच, मांडीवर.

बाहेर काजूखाली ऊन हलत असतं. ती काहीतरी गुणगुणते, मला ऐकू येत नाही.

आणि मला जागं व्हायचं नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती मंडणगडला आमच्याकडे आलेली. पोटुशी असताना शुगर वाढली. मी गावची आशा सेविका, मीच तिला चेकअपला न्यायची.

बाळंतीण झाली, शुगर उतरली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दीड महिन्याने परत तपासा. मग दरवर्षी."

दीड महिन्याने लेकीला लस द्यायला गेलो. नेमकी त्याच दिवशी पाठवणी. जावई मुंबईहून आलेले, चिपळूणला सासरी न्यायला गाडी उभी, ओटी भरायची बाकी.

सुलूच म्हणाली, "वयनी, माझी शुगर बघायची होती ना?"

त्या तपासणीला ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास बसायचं.

मी म्हटलं, "आता कुठे बसतेस? बाळ झालं, साखर गेली. तिकडे बघतील."

आशा असून बोलले मी हे!

तिकडे कोण बघणार? तिचे रिपोर्ट आमच्याच ट्रंकेत राहिले. सासरी लेकीचा एक डोस चुकला नाही. आईला कुणी विचारलंच नाही.

बारा वर्षं गेली. भातलावणीत सुलूच्या पायाला लागलं, जखम भरेना. शेवटी ॲडमिट केलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

सासरी कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या जखमेतच ती गेली.

आता माझ्या गावात लसीच्या दिवशी, पोटुशी असताना शुगर वाढलेल्या आईची आधी ग्लुकोज पाजून तपासणी. जावई खोळंबले तर खोळंबू देत. बायका करवादतात, "काय गो आशाताय, तुमचं दरवेळचं!"

करवादा खुशाल.

काल सुलूची लेक आली होती. "मामी, आईला नक्की काय झालं होतं?"

सांगितलं सगळं. मी काय बोलले होते, तेही.

पोर उठून पडवीत जाऊन बसली. मला वाटलं, आता ही परत माझ्याशी बोलायची नाही.

मग हळूच म्हणाली, "मामी, माझी पण शुगर तपासशील?"

रडू आवरलं नाही मला.

तपासेन. दरवर्षी. मी आहे तोवर.

या वेळी घाई नाही. सावकाश जा गो सुलू.