स्टँडमागचा खिळा

मिस्त्रींच्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्यांचा अख्खा दिवस नासायचा. संग्रहालयातले सगळे लाकडी स्टँड त्यांच्या हातचे, आणि तीस वर्षांत एकाचाही सांधा उघडला नव्हता. लोक स्टँडवरच्या वस्तू बघायला येतात हे त्यांना ठाऊक होतं, पण मनातून कधी पटलं नव्हतं.

यंदा संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं, तलवारी नि मुकुट पुष्कळ झाले, आता कष्ट करणाऱ्यांच्या वस्तूंचं एक दालन करू. घरात काही जुनं असेल तर द्या, असं त्यांनी कामगारांनाही सांगितलं. मिस्त्रींनी आईची कोळशाची इस्त्री दिली. आईने चाळीस वर्षं लाँड्रीत टेबलावर वाकून कपडे कडक केले होते. आता ती वाकलेली पाठ सरळ होत नव्हती आणि मानही वर उचलली जात नव्हती. समोरून येणारा माणूस ती चपलांवरून ओळखायची, आणि सहसा चुकायची नाही.

इस्त्रीसाठी मिस्त्रींनी जीव ओतून स्टँड केला. दालन उघडलं त्या दिवशी आई काठी टेकत आली, स्टँडला एक फेरी मारली, मॅडमसोबत फोटो काढून घेतला. घरी आल्यावर मिस्त्रींना राहवलं नाही.

"कसं वाटलं, आई?"

"लाकूड छान लावलंयस. पॉलिश तर असं, की तोंड बघून घ्यावं," आई म्हणाली. "फक्त मागे, खालच्या अंगाला एक खिळा वर आलाय. कुणाचा चांगला कपडा फाटेल."

मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पॉलिशचं त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं. खिळ्याचं सांगितलं नाही.

संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी ते हातोडी घेऊन गेले. उभ्याने खिळा काही सापडेना. शेवटी कमरेतून पार वाकले, मान खाली घातली, तेव्हा तो दिसला. तसंच वाकलेलं असताना त्यांनी डोळे वर केले. लाकूड दिसलं, लाकडाची कड दिसली. इस्त्री दिसली नाही.

हातोडी हातातच राहिली. जिच्यापायी आईची पाठ मोडली, ती इस्त्री बघायला सरळ पाठ हवी, असा हा कारभार. आणि तो दुसऱ्या कुणी नाही, पोटच्या पोराने केलेला.

घरी जाऊन त्यांनी विचारलं, "आई, इस्त्री दिसली होती ना?"

"दिसली की."

"कशी होती?"

"इस्त्रीसारखी," आई म्हणाली आणि भात शिजलाय का बघायला उठली. चुलीवर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मॅडमना इस्त्रीपाशी नेलं आणि स्टँड उंच झालाय म्हणून सांगितलं. "उंची नियमाप्रमाणेच आहे हो," मॅडम म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकाचीही तक्रार नाही."

"माझ्या घरातूनही नव्हती, मॅडम. एकदा माझ्या आईसारखं वाकून बघा."

मॅडमचा मोठेपणा असा, की त्या वाकल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत.

"चाकाच्या खुर्चीवरून येणारे, लहान पोरं," मिस्त्री म्हणाले, "तीस वर्षं सगळे माझं लाकूडच बघून गेले असतील. कुणी बोललं नाही."

"किती कापायचा?" मॅडमनी विचारलं. मग दालनभर नजर फिरवून म्हणाल्या, "बाकीचेही एकेक करून घ्या."

पहिला इस्त्रीचाच घेतला. स्वतःच्या पॉलिशवर करवत चालवताना मिस्त्रींनी हात थांबू दिला नाही. स्टँड गुडघ्याएवढा केला आणि वरची फळी बघणाऱ्याकडे थोडी कलती ठेवली.

आई पुन्हा आली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि बघत राहिली. लाकडाबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मिस्त्रींना त्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

"एवढीशीच होती होय रे?" ती म्हणाली. "हातात असताना केवढी वाटायची."